गोडाऊनमधली बिऱ्हाडं

हे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली नांदेडहून लातूरला झाली. घरात आम्ही दोघीच, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आधीच्या बदल्यांमध्ये ट्रक ठरवण्यापासून दोरी आवळण्यापर्यंत सगळं हेच बघायचे. या वेळी मी मोबाईलवरून एक नंबर शोधला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "ताई, तुम्ही निवांत एसटीत बसा. तुमच्या आधी सामान पोचतंय बगा." त्याचं ऑफिस कुठं आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आलेला टेम्पो फोटोत दाखवलेला नव्हता. "ती गाडी गॅरेजला हाय," ड्रायव्हर म्हणाला. सामान चढलं आणि टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला.

लातूरच्या नव्या घरात त्या रात्री आम्ही फरशीवर चादर टाकून झोपलो. सामान आलं नव्हतं आणि त्या गोड बोलणाऱ्या माणसाचा फोन बंद लागत होता. सकाळी त्याच माणसाचा फोन आला, पण आवाजातला गोडवा गेला होता. "मॅडम, माल सांगितल्यापेक्षा जास्ती निघाला. अहमदपूरच्या अलीकडं गोडाऊनला उतरवलाय. वरचे पैसे द्या आन् घेऊन जा."

आत्याबाई शांतपणे लुगडं नीट करत उठल्या. "चल," एवढंच म्हणाल्या.

गोडाऊन हमरस्त्यापासून आत, शेताच्या कडेला होतं. राखणदारानं शटर वर केलं. आतून कोंदट, गरम हवा अंगावर आली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा मला आमचं सामान दिसलं, आणि मग त्याच्यामागचं. भिंतीपर्यंत लोकांची बिऱ्हाडं रचून ठेवली होती. झोळी अजून तशीच बांधलेला लोखंडी पाळणा. चाकाची खुर्ची. एका कपाटाच्या कडेला पोरांची उंची मोजल्याच्या पेनच्या रेघा. गाद्यांवर धुळीचा थर बसला होता.

"ही कुणाची घरं?" मी विचारलं.

"ज्याची त्याची," राखणदार म्हणाला. "काई लोक पैशे देऊन नेतेत."

"आणि बाकीचे?"

"आले न्हाईत."

"कामून आले न्हाईत?" आत्याबाईंनी विचारलं.

त्यानं खांदे उडवले. "मला काय ठावं, मावशी."

मी पैसे काढायला पर्स उघडली. आत्याबाईंनी माझा हात धरला. मग त्या पेट्यांमधून वाट काढत आमच्या दिवाणापर्यंत गेल्या. शेवटच्या आजारात हे त्याच दिवाणावर पडून होते. त्यावर त्या मांडी घालून बसल्या.

"माजं घर हितं हाय, मंग मी हितंच ऱ्हाते. लाव शटर."

राखणदार आधी हसला. मग विनवण्या करू लागला. त्या हलल्या नाहीत. मी बाहेर येऊन पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत दुपार कलली. तोवर मी आत-बाहेर करत होते. एकदा आत गेले तर आत्याबाई कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसत होत्या. नवरी अगदी लहान वाटत होती. "बगून ऱ्हायली बग कशी," त्या हळूच म्हणाल्या. मला तिथं थांबवेना.

पोलीस आल्यावर सगळं भराभर झालं. राखणदारानं मालकाला फोन लावला, आणि ठरलेल्या भाड्यात सामान सोडायला मालक कबूल झाला. मी पोलिसांना बाकीची बिऱ्हाडं दाखवली. त्यातला एक म्हणाला, "ज्याचं हाय त्यानं तक्रार द्यावी लागती, मॅडम." ज्याचं आहे त्याला ते कुठं आहे हे कोण सांगणार, असं मी विचारलं.

सामान घरी लागलं, पण घर काही लागेना. उशांना त्या गोडाऊनचा वास येत होता. संध्याकाळी दिवा लावताना आत्याबाई मधेच थांबायच्या आणि दाराकडे बघायच्या. "कुणी आलं का गं?" म्हणायच्या. कुणी आलेलं नसायचं.

दोन महिन्यांनी मी नांदेडला निघाले तेव्हा मुद्दाम वाटेत त्या गोडाऊनपाशी उतरले. शटर उघडं होतं. आत खताची पोती होती. पोती मोजणाऱ्या माणसानं सांगितलं, आम्ही जागा घेतली तेव्हा रिकामीच होती.

आता ओळखीतलं कुणी घर बदलत असेल तर मी स्वतः सोबत जाते. गाडीवाल्याचं ऑफिस डोळ्यांनी बघते, भाडं आणि सामान लिहून घेते, गाडीच्या नंबरचा फोटो काढते, वाटेत गाडी बदलायची नाही असं बजावते आणि घरातलं एक माणूस टेम्पोत बसवते. लोकांना वाटतं मी फार संशयी आहे. त्यांना मी पाळण्याचं सांगत नाही.

आमच्या सामानातून एक परकं गाठोडं आलं होतं. त्यात लहान मुलाचा अर्धवट विणलेला पिवळा स्वेटर होता, सुया तशाच अडकवलेल्या. पोलिसांना कळवलं, तर म्हणाले, ठेवा तुमच्याकडंच. आत्याबाई दर हिवाळ्यात तो उन्हात घालतात. त्यांना विणकाम चांगलं येतं. एकदा मी म्हटलं, पुरा करून कुणाला तरी देऊन टाकू.

"नगं," त्या म्हणाल्या. "तिचं ती करंल."

आणि सुया सुटू नयेत म्हणून त्यांनी त्याची जपून घडी घातली.