पडून राहिलेलं विमान

समस्त नागपूरकरांनो, शांत व्हा आणि एक अतिगंभीर घोषणा ऐका: विमान इंजिनामुळे पडत नाही, क्रियापदामुळे पडतं! इतकी वर्षं विमानं उडवून काढलेला हा निष्कर्ष आहे.

हैदराबादहून निघताच आमचं एक इंजिन बंद पडलं. एका इंजिनावर उतरता यावं असंच विमान बांधलेलं असतं, आणि आम्ही वैमानिक तेच गिरवत असतो. परत हैदराबादलाच सुखरूप उतरलो. नागपुरात बेसा भागातल्या घरी आईला फोन केला, "इंजिन बिघडलं, विमान पडून राहिलं," आणि बॅटरी संपली. परमुलखात राहून माझी बोली पार पुणेरी झालेली. आमच्या नागपुरात 'पडून राहिलं' म्हणजे 'आत्ता पडतंय'!

संध्याकाळी दुसऱ्या विमानाने घरी पोचलो. आई दाराकडे बघत बसलेली. ती रडली नाही, उठली नाही. शेजारणीने दिलेल्या चहावर साय धरली होती. मी तिचा थंडगार हात धरून दोन इंजिनांचं शास्त्र सांगत बसलो. मग ती एकदम ओरडली, "विमान पडून राहिलं होतं, अन् तू मले फोन लावून राहिला होता? समोर पाहता येत नव्हतं काय गा?"