खळं म्हणजे काय

त्या वकिलाचा मला आजही राग येतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जुईनगर स्टेशनसमोर दोन खोल्यांत आमची चार माणसांची कंपनी होती. या वकिलाच्या ऑफिससाठी मी एक प्रोग्राम लिहिला. खाडीकाठच्या गावांतले जमिनींचे जुने कागद त्यात स्कॅन करून ठेवायचे आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला लागलेला अर्थ शेजारच्या रकान्यात स्वतःच्या नावाने लिहायचा. दुसऱ्याचं लिहिलेलं कुणालाच पुसता यायचं नाही. ही अट माझी. मला तिचा अभिमान होता.

सारसोळ्याच्या एका कोळी मावशींच्या कागदात ‘खळं’ हा शब्द निघाला. वकील घाटावरचे. त्यांनी लिहिलं, मळणीची जागा, म्हणजे शेतजमीन. त्यांच्या हाताखालची तरुण वकीलबाई मालवणकडची. तिने लिहिलं, घरापुढचं अंगण. मी त्या दिवशी प्रोग्राम शिकवायला तिथे गेले होते. मावशी बाहेरच बाकावर बसल्या होत्या, म्हणून मी सरळ त्यांनाच विचारलं.

“मासली सुकवाची जागा हाय ती,” त्या म्हणाल्या. “भात कवा पिकलाच नाय तिथं. सगली खारी जमीन.”

मी त्यांच्या नावाने तिसरा अर्थ लिहिला.

दुसऱ्या दिवशी वकील आमच्या ऑफिसात हजर.

“अशिलानेच अर्थ लावायचा, तर मी कशाला बसलोय? बाकीचं पुसायचं बटण द्या मला.”

“नाही देणार. खळं त्यांचं, आणि त्यांनाच विचारायचं नाही?”

“मॅडम, तुम्ही टायपिंग बघा. कायदा मला शिकवू नका.”

माझ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतः बसून ते बटण करून दिलं. दोन अर्थ गेले, एक उरला.

जागेवर मावशींचा हक्क लागावा म्हणून सरकारकडे शेतजमीन असा अर्ज गेला आणि महिनाभराने परत आला. तिथे कधी शेती नव्हतीच, असा शेरा होता. वकिलांनी माझ्यादेखत मावशींना सांगितलं, “कॉम्प्युटरची चूक झाली.” मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. कॉम्प्युटर म्हणजे मीच, असं त्यांना वाटलं असणार. बटणाचं काही न सांगता मी तिथून निघाले. त्याचा राग मात्र मला स्वतःचाच येतो.

ऑफिसात परतले तर साहेब म्हणाले, “चूक आपली, असं वकिलांना माफीचं पत्र देऊन टाक गं. दोन ओळींनी काय जातं तुझं?”

मी राजीनामा दिला.

पुढे त्या वकीलबाईनेही ते ऑफिस सोडलं. तिने मावशींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून नवा अर्ज केला. त्याला दोन वर्षं लागली, पण जागा मासळी सुकवण्याची म्हणून मान्य झाली. हे तिनेच मला फोन करून कळवलं.

नंतर खारघरला एका लग्नात वकील समोर आले. हसत म्हणाले, “ओळखलंत का?”

“नाही,” म्हटलं आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.