पांढरी पडलेली प्रवाळं
नागपुरात सदरच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला, की मला बेसा भागातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. त्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं आणि मी कित्येक वर्षं अभ्यासलेली प्रवाळं डोळ्यांदेखत पांढरी पडून मेली. त्यानंतर मी सुट्टीवर आले होते. पाहुण्यांसमोर मी ते सांगू लागले, तर मावशी म्हणाली, “पांढरी त मस्त दिसत असन वं!” सगळे हसले, मीही हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेलीच भांडी विसळत राहिले. आई मागून आली, तिनं नळ बंद केला आणि हळूच विचारलं, “सारीच मेली काय वं?” तेव्हा कुठे मला रडू आलं. यंदाही पाणी तापलं. मी नागपूरला आले, आणि आई नसलेल्या घरात सगळ्यांनी मला प्रवास कसा झाला, एवढंच विचारलं.