परातीच्या पलीकडे

मंडळी, आज देवासला आमच्या पुरणपोळीच्या किचनमध्ये मोठा मिक्सर बसवला. मेकॅनिकने समजावलं, "भिया, आटे के लिए ये हुक. स्पीड कम रखना."

मिक्सर कणीक छान मळत होता. आई स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. पूर्वी परातीच्या अलीकडे ती आणि पलीकडे काकू बसायची. कणीक तिंबताना दोघींच्या गप्पा संपत नसत. काकू आता धारला, मुलाकडे असते.

आईने तिला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, तुझी जागा घेतली याने."

काकूने जरा वेळ पाहिलं. "मळतो छान. पण बोलतो का?"

आईने मिक्सर बंद केला आणि काकूशी गप्पा मारत बसली. संध्याकाळची ऑर्डर खोळंबली, पण मी मिक्सर पुन्हा सुरू केला नाही.

तुमच्या घरी परातीच्या पलीकडे कोण बसायचं?