कढईतला पहिला एग रोल

बाबांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मुलगा कंबोडियाचा आहे आणि बौद्ध आहे. दुसरी गोष्ट ऐकून ते इतके खूश झाले की पहिलीबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही. बारा वर्षांचे असताना त्यांनी नागपुरात आपल्या आईचं बोट धरून दीक्षा घेतली होती. जावई कुठल्याही देशाचा असो, वंदना तीच म्हणणार, यात त्यांना सगळं आलं. मीही काही वेगळी नव्हते. दोन्ही घरं बौद्ध म्हटल्यावर भांडायला उरतंच काय, असं मी सांता क्लाराच्या ऑफिसात मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

२००६च्या सप्टेंबरात बाबा अमेरिकेला आले. मुलाचं घर बघायचं, त्याच्या आईशी बोलायचं आणि मगच हो की नाही ते सांगायचं, असं ठरलं होतं. कोर्टात जाऊन लग्न उरकणं मला जड नव्हतं. पण आई गेल्यापासून मला वाढवलं ते बाबांनी, आणि ते नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही हे मी त्याला बजावून ठेवलं होतं. तो माझ्याकडूनच शिकलेल्या शब्दांत म्हणाला, "चिल यार, माझ्या आईला नाही म्हणणं कोणाला जमत नाही." मला मात्र त्या आठवड्यात धड जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही सॅन होजेला त्यांच्या घरी गेलो. सुरुवात तर अशी झाली की माझा जीव भांड्यात पडला. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती. बाबांनी बूट काढून हात जोडले आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. माझी होणारी सासू पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसत स्वयंपाकघरातून आली आणि त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागली. उच्चार वेगळे, पण शब्द तेच. बाबांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी विहारात सण होता आणि त्यासाठी एग रोल करायचे होते. सासूच्या ख्मेर भाषेत त्याला चायो म्हणतात. घरभर तेलाचा वास नको म्हणून हा सगळा कारभार गॅरेजमध्ये चाले. गाड्या बाहेर, आत गॅसची मोठी शेगडी, कढई आणि एक लांब टेबल. पातेल्यात सारण तयार होतं. डुकराचा खिमा, किसलेलं गाजर, किसलेली अळकुडी, मुगाच्या पारदर्शक शेवया, कांदा, भरडलेले दाणे, भरपूर मिरपूड. खाण्यापिण्याचं बाबांना कसलंच वावडं नव्हतं. पिठाच्या पातळ चौकोनी पाऱ्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या होत्या. पारीत थोडं सारण घ्यायचं, दोन्ही बाजू आत मुडपायच्या, घट्ट वळायचं आणि टोकाला फेटलेलं अंडं लावून चिकटवायचं. वळण सैल राहिलं की रोल तेलात फुटतो. माझे सगळे फुटण्याच्याच लायकीचे होते.

बाबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि बाह्या सरसावून बसले. शाळेत मास्तर होण्याआधी, लहानपणी, ते आईबरोबर विड्या वळत. ती बोटं अजून विसरली नव्हती. सासूबाईंनी त्यांचा एक रोल उचलून दाबून पाहिला आणि बाबांना बाँग म्हणाल्या, म्हणजे थोरला भाऊ. मग वळता वळता त्या सांगू लागल्या. त्या सांगत ख्मेरमध्ये, त्यांचा मुलगा मला इंग्रजीत सांगे आणि मी बाबांना मराठीत. त्यांची आई बाट्टमबाँगच्या बाजारात हेच रोल विकायची. कढईतला पहिला रोल ती गिऱ्हाइकाला देत नसे, शेजारी बसलेल्या लेकीला देई. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात लग्नाला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरवायला लागले.

तेवढ्यात त्या आत गेल्या आणि एक मोठं ताट घेऊन आल्या. ताटात भाताचे गोळे होते, वर काळे तीळ.

बाबांचा हात थांबला. हे कशासाठी, असं त्यांनी मला विचारलं. मी त्याला विचारलं. त्यानं सहजपणे सांगितलं की या पंधरवड्यात मेलेले नातेवाईक उपाशी पोटी विहारांतून फिरतात, सात पिढ्यांपर्यंतचे. आपण भिक्खूंना जे देतो ते त्यांना पोहोचतं. गोळे त्यांचे, एग रोलही त्यांचेच. आता हे मराठीत कसं सांगायचं? न सांगूनही भागणार नव्हतं, कारण भाताच्या गोळ्यावरचे तीळ कोणत्याच भाषेत लपत नाहीत. तिकडे नागपूरला तेव्हा पितृपक्षच चालू होता.

बाबांनी हातातली पारी खाली ठेवली, उठून गॅरेजमधल्या नळावर हात धुतले आणि दारापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, ही दीक्षेच्या वेळी घेतलेली त्यांची प्रतिज्ञा. स्वतःच्या आईचं आणि माझ्या आईचंही त्यांनी काही केलं नव्हतं, भावकीशी वाकडेपणा घेऊन. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. सासूबाई गोंधळून विचारत होत्या की थोरल्या भावाला काही लागलं का.

मी जवळ जाऊन म्हटलं, बाबा, त्यांची पद्धत आहे, आपण नुसतं बसू. बाबा चिडले की त्यांची भाषा थेट गावाकडची होई.

"त्यायले सांग," ते म्हणाले, "मी उष्टं खाऊन मोठा झालो. मेलेल्यायचं उष्टं. पक्षात माय पाटलाच्या मागच्या दारी उभी राहे. त्यायचे पितर जेवले, बामन जेवले, घरचे जेवले, का मंग उरलंसुरलं तिच्या पदरात. दीक्षेच्या दिवशी मायनं सांगतलं, आता हे अन्न तोंडात घालायचं नाही. सांग."

हे मी कसं सांगणार होते? त्यांच्या मेलेल्यांच्या जेवणाला उष्टं म्हणायचं, तेही त्यांच्याच घरात? बाबा पुन्हा म्हणाले, सांग. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानंही आईला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

सासूबाई खाली मान घालून थोडंसंच बोलल्या. त्यानं ते अडखळत सांगितलं.

"ती म्हणते, तिची आई आणि दोन लहान भाऊ भुकेनं गेले. तेव्हाच्या राजवटीत सगळ्यांसारखेच सक्तीनं शेतात राबत होते, पेजेच्या पाण्यावर. कुठं पुरले ते माहीत नाही. ती म्हणते, मला दुसरं काय करता येणार?"

बाबा त्यांच्याकडे वळले.

सासूबाईंनी गॅस पेटवला. तेल तापलं. बाबांनी वळलेला एक रोल त्यांनी तेलात सोडला, तांबूस होईपर्यंत तळला, निथळला आणि बशीत घालून बाबांसमोर धरला. त्यांच्या मुलानं दचकून आईला अडवायला हाक मारली, कारण भिक्खूंच्या आधी त्या अन्नाला कोणी तोंड लावायचं नाही हा त्या घरातला कडक नियम होता. लहानपणी एक पळवला म्हणून त्यानं मार खाल्ला होता. त्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. हे कोणाचं उरलेलं नाही, सगळ्यांच्या आधीचं आहे, एवढं त्यांनी त्याला सांगायला लावलं.

बाबा नाही म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं.

बाबांनी बशी घेतली. रोल गरम होता, तो त्यांनी चिमटीत धरून मोडला, अर्धा स्वतःकडे ठेवला आणि अर्धा सासूबाईंपुढे केला. त्या मागे सरकल्या, मान हलवली. बाबांनी हात मागे घेतला नाही.

"घ्या ताई," ते मराठीतच म्हणाले. "तुमची आई देत होती ना पहिला."

हे मी त्याला सांगितलं, त्यानं आईला सांगितलं. बाबांनी आपला अर्धा तोंडात घातला, तशी सासूबाईंनीही तो तुकडा घेतला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या.