वेल्झान्स्की आणि वेल्झान्स्काया

एकाच क्लिनिकमध्ये अठरा वर्षं काढली की रक्ताच्या नमुन्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. मी कुवेतच्या शर्क भागातल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. आणि माझे निम्मे किस्से एकट्या येलेनाचे! ती रशियन, दातांची डॉक्टर. आडनाव वेल्झान्स्काया. जुनं सरदार घराणं.

पेशंट तिला नुसतं 'डॉक्टर लेना' म्हणायचे. एकदा नव्या रिसेप्शनिस्टने माइकवरून पूर्ण आडनाव पुकारलं. बघते तर येलेना पर्स घेऊन मागच्या दाराशी!

"अगं, तुझं पार्सल आलंय!"

ती पांढरीफटक. म्हणाली, "आमच्याकडे पूर्ण नाव फक्त पकडून न्यायला आलेली माणसं घ्यायची."

*

तिचे पणजोबा संगीतकार. क्रांतीनंतर सरदारांची धरपकड सुरू झाली, तेव्हा पणजीने त्यांची सगळी नोटेशन्स शेगडीत घातली. वाचली एकच धून, कारण ती तिला पाठ होती. पोरांना झोपवताना गुणगुणायची.

"कुणाची गं ही?" लेकीने विचारलं.

"कुणाचीच नाही. झोप!"

*

पणजोबांची बहीण चित्रकार. एका म्युझियममध्ये तिने काढलेलं चित्र आहे, खाली पाटी: 'चित्रकार अज्ञात'. येलेनाने क्लिनिकच्या पॅन्ट्रीत मला मोबाइलवर फोटो दाखवला.

"मग कळव ना त्यांना! आता कोण पकडणार आहे तुम्हाला?"

तिने आधी पॅन्ट्रीचं दार लावलं. मग म्हणाली, "नीता, हळू बोल!"

*

गेल्या हिवाळ्यात तिचे ऐंशी वर्षांचे वडील व्हिजिट व्हिसावर आले. येलेनाचं अरबी दातांपुरतंच, म्हणून एअरपोर्टला मी सोबत. तास झाला तरी बाबा बाहेर येईनात. शेवटी आम्हालाच आत बोलावलं.

अधिकारी म्हणाला, "याचं नाव वेल्झान्स्की, हिचं वेल्झान्स्काया. बाप-लेक कसे?"

येलेनाने मला पुढे ढकललं. मी मोडक्या अरबीत सांगत सुटले, "एकच घर! बापाचं स्की, लेकीचं स्काया. त्यांच्यात बायकांचं आडनाव असंच बदलतं!"

तो पासपोर्ट घेऊन आत गेला.

बाबा बाकावर ताठ बसले होते. त्यांनी घड्याळ काढून लेकीच्या हातात दिलं. मग अंगठी. मग चष्मा. येलेना रडत रशियनमध्ये काहीतरी समजावत होती, पण ते ऐकेचनात.

दहा मिनिटांनी अधिकारी हसत आला. पासपोर्टवर शिक्का. "सॉरी! वेलकम टू कुवेत!"

बाबा उठले. दोन्ही हात पाठीमागे धरले आणि मला इंग्रजीत विचारलं,

"कुठल्या गाडीत बसायचं?"