नोंदभाऊंचे खवले मांजर

जे जसे पाहिले तसेच सांगावे, त्यात तिळमात्र कमी-अधिक करू नये, ही शिकवण शिरोधार्यच होय. परंतु सत्य सांगण्याला जसा योग्य काळ लागतो, तसा ऐकणाराही अधिकारी असावा लागतो, हे विवेकाचे उपांग आपण पुष्कळदा विसरतो. यथातथ्य बोलण्याचा गुण ज्यांच्या ठायी मूर्तिमंत होता, त्या गृहस्थांना जलशुद्धीकरण केंद्रात सगळे ‘नोंदभाऊ’ म्हणत.

एकतीस वर्षे ते पंपचालक होते. दर तासाला पाण्याची पातळी, दाब, स्थळ, वेळ आणि शेरा टपोऱ्या अक्षरांत नोंदवहीत लिहायचा, खाडाखोड म्हणून करायची नाही. एकदा दाबमापक बिघडला, तेव्हा अंदाजाने आकडा घालण्याऐवजी त्यांनी ‘माहीत नाही’ असे लिहिले आणि साहेबांची बोलणी मुकाट्याने खाल्ली.

लेकीने आपला जुना फोन दिला आणि उतारवयात त्यांना छायाचित्रांचा छंद जडला. टाकीच्या कठड्यावरचा खंड्या, गाळणीच्या वाळूवर शेपूट नाचवणारा परीट पक्षी, डबा उघडाच ठेवून पेंगणारा फिटर, जे दिसेल ते टिपून निसर्गप्रेमींच्या एका ऑनलाइन समूहावर ते ठेवीत. प्रत्येक चित्राखाली मिनिटापर्यंत वेळ आणि पावलापर्यंत स्थळ.

“बाबा, लोक फोटोखाली कविता लिहितात. तुम्ही पंचनामा लिहिता,” लेक हसायची.

“कवितेत चूक खपते गं,” ते म्हणत.

एका पाळीच्या अखेरीस, नुकते फटफटले असताना, जुन्या झडपेच्या चौथऱ्यामागे खवले मांजर दिसले. शेपटीच्या मुळाशी पिल्लू घट्ट बिलगलेले. ते दुर्मीळ लाजाळू जनावर क्षणभर थबकले आणि बिळात शिरले. नोंदभाऊंनी चित्राखाली लिहिले: ‘सकाळी ५.५२. उत्तर कुंपण, तिसऱ्या खांबापासून नऊ पावले. आई व एक पिल्लू. बीळ वापरात. शेरा: येथे कुंपणाची जाळी फाटलेली आहे.’

संध्याकाळपर्यंत नऊ हजार लोकांनी ते चित्र वाखाणले.

“काय नोंदभाऊ, आता आमच्याशी बोलाल की नाही?” फिटरने टोला हाणला. “तीस वर्षं पाणी सोडलंत, कुणी हिंग लावून विचारलं नाही. एक मांजर काय सोडलंत, सगळं जग गोळा!”

नोंदभाऊ लाजले. त्या दिवशी ते आनंदात होते, असे त्यांची पत्नी सांगते.

तिसऱ्या सकाळी ते बिळापाशी गेले. बिळाच्या जागी कमरेइतका खड्डा होता. मातीत फावड्याचे ताजे घाव, पाच-सहा मोठे खवले आणि एक नखाएवढा. जाळीचे भगदाड माणूस जाईल एवढे रुंद केलेले. वनखात्याच्या माणसांनी येऊन जबाब घेतला. हाती काही लागले नाही. जाळी मात्र आठवड्याभरात दुरुस्त झाली.

“फोटो काढून टाका आणि मोकळे व्हा,” फिटर हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही काय चोरांना बोट दाखवलंत?”

“बोट नाही. पावलं मोजून दिली.”

घरी ताट समोर तसेच राहिले. “पाप केलं त्यांनी, आणि अन्न सोडायचं तुम्ही?” पत्नी चिडून म्हणाली. त्यांनी दोन घास खाल्ले, तिच्यासाठी.

पुढले अकरा दिवस त्यांनी एकच काम केले. सहाशे चौदा चित्रे होती. प्रत्येकाखालचे स्थळ त्यांनी स्वतःच्या हाताने पुसले. मग खड्ड्याचे चित्र ठेवले आणि खाली लिहिले: ‘खवले मांजर व पिल्लू नेले. वाट मी दाखवली.’

कोणी सांत्वन केले, कोणी शिव्यांची लाखोली वाहिली. नोंदभाऊंनी फोन लेकीला परत केला.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते यकृताच्या विकाराने गेले. अखेरच्या दिवसांत लेकीने ते शेवटचे चित्र काढून टाकू का, असे विचारले होते. “राहू दे,” ते म्हणाले, “दुसऱ्या कुणाला जागा लिहिण्याआधी दिसेल.”

त्यांच्या पश्चात पत्नी, एक लेक आणि सहाशे पंधरा छायाचित्रे आहेत. उत्तर कुंपणापाशी खवले मांजर पुन्हा कोणाला दिसलेले नाही.